सायलेंट हिल (२००६) : नापास केला ते ठीक, पण कारणं चुकली

वाघूळ (धागाकर्ता)

पुढे सिनेमाची सगळी गोष्ट उघड केली आहे. काहीही माहीत नसताना बघायचा असेल त्यांनी इथेच थांबा.

दिग्दर्शक ख्रिस्तोफ गान्सचा, त्याच नावाच्या गेमवरचा 'सायलेंट हिल' एप्रिल २००६मध्ये आला. समीक्षकांना तो आधी दाखवलाच गेला नाही, आणि बघितल्यावर त्यांनी झोडपून काढला. रॉजर ईबर्टने चारपैकी दीड तारा दिला. रॉटन टोमॅटोजवर त्याचे गुण अजूनही तिशीत आहेत. 'गेमवरचे फसलेले सिनेमे' अशी यादी कोणीही करो, त्यात याचं नाव ठरलेलं. मला हे पटत नाही. सिनेमात दोष आहेत, मोठे आहेत. पण पहिला तासभर तो जे करतो ते त्या दशकातल्या फार थोड्या भयपटांना जमलं, आणि तो ते गेमकडून शिकला.

गोष्ट थोडक्यात अशी. रोझ (राधा मिचेल) आणि ख्रिस्तोफर (शॉन बीन) यांची दत्तक मुलगी शॅरन झोपेत चालते आणि झोपेतच 'सायलेंट हिल' हे नाव घेते. नवऱ्याचं न ऐकता रोझ तिला घेऊन त्या नावाच्या ओसाड गावी निघते. गावाच्या तोंडाशी गाडीला अपघात होतो. रोझ शुद्धीवर येते तेव्हा मुलगी जागेवर नाही, सगळीकडे धुकं आहे आणि आभाळातून राख पडते आहे. अधूनमधून भोंगा वाजतो, उजेड जातो, भिंतींचे पापुद्रे सुटतात आणि आतून गंजलेलं, रक्ताळलेलं दुसरंच गाव बाहेर येतं.

कोनामी या जपानी कंपनीचा मूळ गेम १९९९ साली प्लेस्टेशनवर आला. त्या यंत्राला लांबपर्यंतचं गाव एका वेळी दाखवणं झेपत नव्हतं, म्हणून बनवणाऱ्यांनी थोड्या पावलांपलीकडचं सगळं धुक्यात नाहीतर काळोखात बुडवलं. त्यातून एक विलक्षण गोष्ट झाली. दिसत काहीच नाही, पण खिशातला रेडिओ खरखरायला लागला की जवळपास काहीतरी आहे एवढं कळतं. कुठल्या बाजूला, ते कळत नाही. भीती आधी कानांतून येते, डोळ्यांना ती नंतर दिसते.

गान्सकडे ५ कोटी डॉलरच्या घरातलं बजेट होतं. त्याला धुक्याची तांत्रिक गरज नव्हती. तरी त्याने धुकं ठेवलं, रेडिओच्या जागी मोबाइलची खरखर आणली आणि संगीतही अकिरा यामाओकाचं, गेममधलंच वापरलं. रोझ लायटरच्या उजेडात अरुंद गल्लीतून जाते आणि तिला जळकी, राखाडी मुलं घेरतात तो प्रसंग पाहा. कॅमेरा वर चढतो, तिरका होतो, मधेच तिच्या मागे राहतो. गेमच्या पहिल्या काही मिनिटांत त्याचा नायक हॅरी मेसन त्या गल्लीत शिरतो तेव्हा कॅमेरा असाच वागतो. गान्सने सेटवर टीव्ही आणि प्लेस्टेशन आणून ठेवला होता, कॅमेरामनला आणि नटांना कोन दाखवता यावेत म्हणून. आणि यातली बरीचशी भुतं म्हणजे हाडामांसाची माणसं आहेत. पिरॅमिड हेड, म्हणजे डोक्याच्या जागी लोखंडी पिरॅमिड असलेला राक्षस, झालेला रॉबर्टो कॅम्पानेला मुळात नर्तक, नर्सेसच्या भूमिकांतही नर्तकीच. शरीर जिथे वाकू नये तिथे वाकतं, लय अर्ध्यात तुटते. त्याच काळातल्या कित्येक सिनेमांतले संगणकी राक्षस आज बघवत नाहीत. हे बघवतात, म्हणजे खरं तर बघवत नाहीत, आणि भयपटाला तेच हवं असतं.

आता दोष. शेवटाकडे काळी अलेसा, म्हणजे गावाने जाळलेल्या अलेसा या मुलीचं सूडाचं रूप, रोझला गावाचा सगळा इतिहास सांगत बसते. जुन्या फिल्मसारखी खरबरीत चित्रं आणि वर निवेदन. १९७४ साली काय झालं, कोणी कोणाला जाळलं, शॅरन कोण, सगळं. तोवर धुक्यात ठेवलेला प्रेक्षक खाडकन वर्गात बसवला जातो. दुसरा दोष म्हणजे ख्रिस्तोफरचं उपकथानक. पहिल्या मसुद्यात पुरुष पात्रं जवळजवळ नव्हतीच, स्टुडिओने हरकत घेतल्यावर हा बाप आला, हे गान्सनेच सांगितलेलं आहे. पडद्यावर ते ठिगळ दिसतं. आपण रोझबरोबर श्वास रोखून असतो आणि सिनेमा आपल्याला उचलून लख्ख उजेडात, पोलिसांच्या कागदपत्रांत नेऊन सोडतो.

नापास करायचंच तर या दोन गोष्टींसाठी करा. पण बहुतेकांनी लिहिलं ते 'गोष्ट कळली नाही' असं. माझ्या मते गोष्ट कळू दिली हीच चूक झाली.


चिंतामणी७१

धागा आवडला, पण पूर्ण असहमत.

मी गेम खेळलेलो नाही, पुढे खेळेन असंही वाटत नाही. सिनेमा मात्र भरपूर बघतो, भयपट तर वेचून बघतो. त्यामुळे माझा निकष साधा आहे : तिकीट काढून आलेल्या माणसाला सिनेमाने जे द्यायचं ते पडद्यावरच दिलं पाहिजे. तुम्ही गल्लीचा प्रसंग एवढा रंगवून सांगितलात, पण त्यातला अर्धा आनंद 'हा कोन गेममधलाच आहे' या ओळखीचा आहे. ती ओळख माझ्याकडे नाही. मला दिसली एक बाई, जी पोटच्या पोरीसारख्या मुलीला घेऊन रात्री अनोळखी ओसाड गावी जाते, पोलीस थांबवत असताना गाडी पळवते, आणि नंतर दोन तास तिच्या नावाने हाका मारत धावते. ती असं का वागते ते मला पटवून दिलं नाही, तर तिच्या भीतीत मी कसा सामील होऊ?

ईबर्टवर तुम्ही अन्याय करताय. त्याने फक्त 'कळलं नाही' एवढं म्हटलेलं नाही. कळलं नाही तरी स्पष्टीकरणं याहून कितीतरी कमी असती तर बरं झालं असतं, पात्रं सारखी थांबून इतिहास सांगत बसतात, अशी त्याची तक्रार आहे. म्हणजे तुमचा पहिला दोष त्याने तुमच्या आधी नोंदवला आहे.

आणि सव्वाशे मिनिटं! एवढी लांबी त्या कथेला पेलत नाही. शाळा, हॉटेल, चर्च, हॉस्पिटल. एका जागेहून दुसऱ्या जागी जायचं, तिथे काहीतरी सापडतं, त्यावर पुढचा पत्ता असतो. गेममध्ये ही रचना चालत असेल कारण तिथे शोधणारे तुम्ही असता. सिनेमात मी दुसऱ्या कोणाला किल्ल्या शोधताना बघत बसतो.


रातराणी

चिंतामणीकाका, रोझ तशी का वागते हे सिनेमा सांगतो, फक्त संवादातून सांगत नाही. ज्या मुलीला डॉक्टर आणि औषधं उपयोगी पडत नाहीत, जी एका रात्री झोपेत कड्याच्या टोकापर्यंत गेली आहे, तिची आई शेवटचा उपाय म्हणून काय करेल याला तर्क लावू नका. आपल्याकडे शिकलीसवरलेली माणसंही मुलाच्या दुखण्यापायी कुठल्या कुठल्या दारी जाऊन येतात.

मला या सिनेमाबद्दल बोलायचं आहे ते आईबद्दल. गेममध्ये मुलीला शोधणारा हॅरी हा बाप आहे. गान्स आणि पटकथाकार रॉजर ॲव्हरी यांनी त्याची आई केली, कारण हॅरी वागतो ते आईसारखं असं गान्सला वाटलं. नुसती नायकाची नायिका केली असती तर त्यात विशेष काही नव्हतं. पण त्या एका बदलाने सगळी गोष्ट हलली. गेममधली डालिया, अलेसाची आई, ही खलनायिका आहे. देव जन्माला घालायचा म्हणून पोटच्या पोरीला आगीत घालणारी पुजारीण. सिनेमातली डालिया फाटक्या कपड्यांत गावभर भटकणारी, लोकांच्या दबावाखाली मुलीला त्यांच्या हाती सोपवून बसलेली आई आहे. खलत्व गेलं पंथाची प्रमुख क्रिस्टाबेला हिच्याकडे, जी कोणाचीच आई नाही, फक्त धर्माची रखवालदार आहे. आणि अलेसाचा गुन्हा काय, तर तिच्या बापाचं नाव कोणाला माहीत नाही. शाळेत मुलं तिला चेटकीण म्हणून चिडवतात, शाळेचा झाडूवाला तिच्यावर अत्याचार करतो, आणि शुद्धीकरणाच्या नावाखाली जाळतात तिलाच.

एका मुलीला चेटकीण ठरवून जाळणं हे मला काही लांबच्या देशातलं, कल्पनेतलं वाटत नाही. अंधश्रद्धेविरुद्ध कायदा करायला आपल्या राज्याला २०१३ उजाडावं लागलं. सिबिलला, त्या पोलीस बाईला, शिडीला बांधून आगीवर झुकवतात तेव्हा मी मान फिरवली होती. राक्षस बघताना नाही फिरवली. भोवती उभे असलेले साधे, घाबरलेले, प्रार्थना करणारे गावकरी बघून फिरवली.

समीक्षकांनी या सगळ्याची 'गोंधळलेली कथा' अशी एका वाक्यात बोळवण केली याचा मला राग आहे.


टेंबा

मी दुसऱ्या बाजूने विरोध करणार आहे. मी गेमवाला आहे. पहिले चारही भाग खेळलोय, काही पुन्हा पुन्हा. आणि माझ्या दृष्टीने हा सिनेमा गेमशी प्रामाणिक नाहीच. तो गेमच्या कातडीशी प्रामाणिक आहे.

पिरॅमिड हेड घ्या. तो पहिल्या गेममध्ये नाहीच. तो येतो २००१च्या दुसऱ्या भागात, आणि तिथे तो जेम्स संडरलंड नावाच्या एका माणसाचा आहे, फक्त त्याचा. जेम्सला मेलेल्या बायकोचं पत्र येतं, तो सायलेंट हिलला येतो, आणि शेवटी कळतं की आजारी मेरीला त्यानेच उशीने गुदमरवून मारलं. पिरॅमिड हेड म्हणजे जेम्सला स्वतःला हवी असलेली शिक्षा. जेम्स सत्य कबूल करतो आणि म्हणतो की मला शिक्षा करायला कोणीतरी हवं होतं, त्यानंतर त्याचं काम संपतं. दोन पिरॅमिड हेड स्वतःच्याच हाताने मरतात. व्हिडिओ गेमच्या इतिहासात राक्षसाचा असा शेवट मी दुसरा पाहिलेला नाही.

गान्सने काय केलं? तो रोझच्या मागे सोडला. रोझने काय केलंय? काही नाही. ती निर्दोष आई आहे. मग हा तिच्यामागे का? दिसायला जबरदस्त आहे म्हणून. मोठा सुरा दारातून आरपार येतो, चर्चच्या पायऱ्यांवर तो त्या ॲना नावाच्या मुलीची कातडी सोलतो, थिएटरात किंकाळ्या उठतात. अर्थ गेला, पोस्टर उरलं. नर्सेसचंही तेच. त्यासुद्धा दुसऱ्या भागातल्या रूपात आणल्या आहेत, जिथे त्यांच्या त्या दिसण्याचा संबंध जेम्सच्या मनात दाबून ठेवलेल्या वासनेशी आहे.

आणि मूळ मुद्दा यापेक्षा खोल आहे. गेममध्ये बंद दारापलीकडून आवाज येतो. दार उघडायचं की नाही हे मी ठरवतो. सगळं शरीर नको म्हणत असताना बटण दाबतो तो माझा अंगठा. हॅरी कोणी सैनिक नाही, लेखक आहे. त्याचा नेम चुकतो, पळून दम लागतो. तो मेला तर मी मारलेला असतो, कारण मीच दार उघडलं. ही जबाबदारी काढून घेतली की उरतं ते सुंदर धुकं. वाघूळ म्हणतात कॅमेरा गेमसारखा हलतो. हो, हलतो. पण गेममध्ये तो तसा का हलतो? कोपऱ्यापलीकडचं मला दिसू नये आणि तरी पाऊल मलाच टाकावं लागावं म्हणून. सिनेमात पाऊल रोझ टाकते.


वाघूळ (धागाकर्ता)

टेंबा, पिरॅमिड हेडबद्दल तुमचं म्हणणं वजनदार आहे, पण त्याचा सिनेमाला काय अडथळा होतो ते सांगा. या सिनेमातलं गाव जेम्सच्या मनातून आलेलं नाही, अलेसाच्या रागातून आलेलं आहे. जाळलेल्या मुलीच्या रागातून शिक्षा देणारा एक जल्लाद निघणं मला सुसंगत वाटतं. कॅम्पानेलानेच त्या अत्याचारी झाडूवाल्याचीही भूमिका केली आहे. शाळेच्या त्या मुतारीत काटेरी तारांनी गुंडाळलेलं जे धूड सरपटत बाहेर येतं ते कोणाचं ते आठवा. शिक्षा कोणाला आणि कशाची याची सिनेमाची स्वतःची मांडणी आहे. ती दुसऱ्या गेमची नाही म्हणून ती अर्थहीन ठरत नाही.

अंगठ्याचा मुद्दा मात्र कुठल्याही गेमवरच्या कुठल्याही सिनेमाला लागू होतो. मग असे सिनेमे करूच नयेत असं तुमचं म्हणणं आहे का? गान्सने त्या अंगठ्याच्या जागी काय ठेवता येईल याचा शोध घेतला. हॉस्पिटलचा प्रसंग बघा. रोझ भिंतीवरचा नकाशा पाठ करते, डावीकडे, उजवीकडे असं पुटपुटत तळघरात उतरते. तिच्याबरोबर आपणही तो पाठ करायला लागतो. मग समोर नर्सेसचा घोळका, उजेड पडला की हलणाऱ्या. टॉर्च बंद केला तरच त्या थिजणार, आणि तो बंद केला तर तिला दिसणार नाही. त्या दोन मिनिटांत प्रत्येक पाऊल माझं होतं.

चिंतामणी, ईबर्टने स्पष्टीकरणांबद्दल लिहिलं हे खरंच आहे. पण तेवढ्यावर दीड तारा? कॅमेरा, कलादिग्दर्शन, ध्वनी, नटांची देहबोली यांना मग किती? भयपटात या सगळ्याला सजावट समजलं जातं आणि कथानकाला अभिनयासकट सगळे गुण दिले जातात, हा समीक्षेचा जुना रोग आहे.


प्राजक्त

थोडा संदर्भ देतो, कारण त्याशिवाय या सिनेमाचं मोल लक्षात येत नाही. २००३चा 'हाऊस ऑफ द डेड' आठवा, मारामारी चालू असताना मधेच प्रत्यक्ष गेमचे तुकडे घुसडलेला. २००५चा 'अलोन इन द डार्क' आठवा. दोन्ही दिग्दर्शक उवे बोलचे. जर्मन करसवलतींच्या जोरावर पैसा उभा राहायचा आणि सिनेमा चालला काय नि पडला काय, गणित बसायचं. त्याच २००५मध्ये 'डूम' आला. गेमवरचा सिनेमा म्हणजे नाव विकत घ्यायचं आणि खाली काहीही भरायचं अशी पद्धत पडली होती. गान्स हक्कांसाठी काही वर्षं कोनामीच्या मागे लागला होता, आणि हा गेम आपल्यासाठी काय आहे हे सांगणारी स्वतःची मुलाखत चित्रित करून, जपानी उपशीर्षकं घालून त्याने पाठवली होती. १० कोटी डॉलरच्या आसपास कमाई झाली, म्हणजे लोकांनीही अगदीच नाकारला नव्हता.


चिंतामणी७१

प्राजक्त, बाकीचे वाईट होते म्हणून हा चांगला, हे मला चालत नाही. आणि दिग्दर्शकाची तळमळ पडद्यावर मोजता येत नाही.

वाघूळ, तुम्ही ख्रिस्तोफरच्या उपकथानकाला ठिगळ म्हणालात. माझं मत नेमकं उलट आहे. या सिनेमातला मला भिडलेला एकमेव प्रसंग त्याच्यामुळे आहे. शाळेत रोझ धावत जाते, आणि त्याच जागी, पण आपल्या नेहमीच्या जगात, ख्रिस्तोफर उभा आहे. तो थबकतो. त्याला तिच्या अत्तराचा वास येतो. दोघं एकमेकांतून आरपार जातात आणि कोणाला काही दिसत नाही. तुमचं सगळं धुकं, राख, पापुद्रे एका बाजूला आणि हे एका बाजूला. शेवटही त्याच्यामुळेच उभा राहतो. रोझ आणि मुलगी घरी पोचतात, पण त्यांच्या घरात धुकं आहे. तो सोफ्यावर झोपलाय, त्याच्या घरात ऊन आहे. बाप नसता तर ती घरी पोचूनही पोचली नाही हे कळलं असतं कशावरून? स्टुडिओची सूचना म्हटली की ती वाईटच असणार, हे गृहीत धरून तुम्ही सिनेमातलं सगळ्यात चांगलं अंग छाटायला निघालात.


रातराणी

अत्तराच्या प्रसंगाबद्दल काकांशी सहमत. पण त्यासाठी पोलीस ठाणं, अनाथाश्रम, फायली एवढं सगळं लागत नव्हतं. तो एक प्रसंग आणि शेवट ठेवून बाकीचं कापता आलं असतं.


सुमेधा_पेन्सिल्व्हेनिया

धागा दोन दिवस वाचते आहे, आता राहवत नाही. सगळ्यांचं बोलणं गेमबद्दल आणि सिनेमाबद्दल चाललंय. त्या राखेखालच्या खऱ्या गावाबद्दल कोणी बोललं नाही.

सिनेमातलं सायलेंट हिल कोळशाच्या आगीमुळे ओस पडलंय ही कल्पना ॲव्हरीने अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या सेंट्रेलिया या गावावरून घेतली. आंतरजालावर लोक बिनधास्त लिहितात की गेमच सेंट्रेलियावर आधारलाय. तसं नाही, गेममध्ये कोळशाची आग नाही. ती फक्त सिनेमात आहे. आम्ही याच राज्यात राहतो. सेंट्रेलियाला मी जाऊन आले आहे.

१९६२च्या मे महिन्यात गावाने जुन्या खाणीच्या खड्ड्यातला कचरा जाळला. आग खालच्या कोळशाच्या थराला लागली आणि ती अजून विझलेली नाही. विझवायचे प्रयत्न झाले, पण प्रत्येक वेळी पैसे आधी संपले आणि आग पुढे सरकली. लोक वर राहत होते. तळघरं गरम व्हायची, विषारी वायू घरात यायचा. १९८१मध्ये बारा वर्षांच्या एका मुलाच्या पायाखालची अंगणातली जमीन खचली. झाडाच्या मुळाला लटकला म्हणून वाचला, त्याच्या चुलतभावाने ओढून काढला. मग कुठे सरकार हललं. १९८४ साली स्थलांतरासाठी ४ कोटी २० लाख डॉलर मंजूर झाले, हजारावर वस्तीचं गाव रिकामं होत गेलं, २००२ साली पिनकोडही काढून घेतला. आज बोटांवर मोजण्याइतकी माणसं राहतात.

तिथे राख पडत नाही. धुकंही नसतं. गवत वाढलेले रिकामे रस्ते आहेत, टेकडीवर पांढरं युक्रेनियन चर्च आहे, ते अजून चालू आहे. थंडीत कुठे कुठे जमिनीतून वाफ दिसते. भेगा पडलेला जुना ६१ नंबरचा रस्ता लोक रंगवून ठेवायचे, त्याच्यावर २०२०मध्ये मातीचे ढीग टाकून तो बुजवला. रंगवलेला तो रस्ता बघायला येणाऱ्यांत या सिनेमाचे चाहते पुष्कळ असायचे.

माझा आक्षेप असा आहे. इथे लोकांना गाव सोडावं लागलं ते कोणा चेटकिणीच्या शापाने नाही. कचरा जाळण्याचा निर्णय, अर्धवट सोडलेले खंदक, लांबवलेल्या बैठका आणि 'फार धोका नाही' म्हणणारे अधिकारी, यामुळे. जमीन पायाखाली जळते आहे आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणं लागली आहेत, कोणी म्हणतंय निघा, कोणी म्हणतंय आमचा कोळसा लाटायचा डाव आहे, यात केवढी भीती होती! ॲव्हरीला ती दिसली असणार, नाहीतर त्याने हे गाव घेतलंच नसतं. पण सिनेमात आग लागते ती एका विधीच्या वेळी निखारे सांडून. सगळी जबाबदारी एका वेड्या पंथावर टाकून सिनेमा मोकळा होतो. धर्मवेडे खलनायक सोपे असतात. नगरपालिका खलनायक म्हणून दाखवणं अवघड असतं.

म्हणून रातराणी, तुम्ही म्हणता त्या साध्या गावकऱ्यांची भीती मलाही वाटली, पण ती मला अर्धीच वाटली.


गारगोटी

झारखंडमधल्या झरियात १९१६पासून कोळसा जळतोय आणि लोक अजून वर राहतात. त्यावर कोणी भयपट काढला नाही. सुमेधाताईंचा प्रतिसाद वाचून एवढंच डोक्यात आलं.


रातराणी

सुमेधा, फार चांगलं लिहिलंत. पण एक सांगू? अधिकाऱ्यांचा निष्काळजीपणा दाखवणारा सिनेमा वेगळा झाला असता, आणि तो व्हावाच. या सिनेमाने मात्र पंथ निवडताना सोपी वाट धरली असं मला वाटत नाही. खाणकामगारांच्या वेषातली माणसं, गॅसचे मुखवटे, पिंजऱ्यातला पक्षी, भोंगा वाजला की चर्चकडे पळणारी गर्दी. ही एका खाणीच्या गावाची सवय आहे. जमिनीखालच्या मरणाची भीती पिढ्यान्‌पिढ्या पोटात असलेली माणसं दोष कोणाला देतील? कंपनीला नाही, सरकारला नाही. बिनबापाच्या पोरीला देतील.


टेंबा

हे वाचनीय आहे, पण मी माझ्या मुद्द्यावर परत येतो, कारण नुकसान कुठे झालं ते अजून कोणी बोललेलं नाही. नुकसान गेमचं झालं.

२००८चा 'सायलेंट हिल : होमकमिंग' बघा. तोवर मूळ जपानी चमू विखुरलेला होता आणि हा भाग अमेरिकेत बनला. त्यांनी समोर काय ठेवलं? पहिला गेम नाही, दुसरा नाही, हा सिनेमा. नर्सेस सिनेमातल्या. भिंतींचे पापुद्रे उडतात ते सिनेमातल्यासारखे. पिरॅमिड हेडला तर असा आणून उभा केला की जणू तो गावचा राखणदार आहे. ज्याला एका माणसाच्या अपराधातून जन्म मिळाला, तो बाहुल्यांवर, टी-शर्टवर, दुसऱ्यांच्या गेममध्ये पाहुणा म्हणून फिरायला लागला. याची सुरुवात गान्सच्या 'दिसायला जबरदस्त आहे' या निर्णयातून झाली. २०१२चा सिनेमाचा दुसरा भाग तर थ्रीडीत आला आणि त्यात पिरॅमिड हेड चक्क नायिकेच्या बाजूने लढतो. तिथे गान्स नव्हता, पण वाट त्याचीच होती.

वाघूळ विचारतात, सिनेमे करूच नयेत का? करावेत. पण गेमचा अर्थ सांभाळणं म्हणजे त्याचे कोन सांभाळणं नव्हे. २०२४मध्ये दुसऱ्या गेमची नवी आवृत्ती पोलंडच्या ब्लूबर टीमने काढली. त्यांनी कॅमेरा पूर्ण बदलला, जुने वरून लटकलेले कोन काढून तो जेम्सच्या खांद्यामागे आणला. तरी ती खेळताना तोच जेम्स भेटतो, कारण अपराध जागेवर आहे. आणि गान्स स्वतः वीस वर्षांनी परत आला तो कशासाठी? जेम्सचीच गोष्ट सांगायला, २०२६च्या 'रिटर्न टू सायलेंट हिल'मध्ये. पिरॅमिड हेडचा खरा मालक कोण हे त्यालाही माहीत होतंच.

नर्सेसचा प्रसंग चांगला आहे, वाघूळ. पण टॉर्चचा तो नियम त्या दोन मिनिटांपुरता येतो आणि जातो. गेममध्ये टॉर्च बंद करून चाचपडत जायचं की लावून सगळ्यांना बोलवायचं, हा निर्णय शेवटपर्यंत माझ्या हातात असतो.


वाघूळ (धागाकर्ता)

होमकमिंगचं पाप सिनेमाच्या माथी मारू नका. नक्कल करणाऱ्यांनी पापुद्रे उचलले आणि शांतता सोडली, त्याला गान्स काय करणार?

टॉर्चबद्दल मात्र वेगळं सांगतो. तो नियम त्या प्रसंगापुरता नाही. सबंध सिनेमात रोझच्या हातातला उजेड बदलत जातो. गल्लीत लायटर, मग टॉर्च. आणि प्रत्येक वेळी उजेड आला की तिला नको ते दिसतं. पहिला तासभर पुन्हा बघा, फक्त तिच्या हाताकडे लक्ष ठेवून, आणि आवाज मोठा ठेवून. यामाओकाचं संगीत कुठे थांबतं आणि नुसती यंत्राची घरघर कुठे उरते ते ऐका. मग बोलू.

सुमेधाताई, सेंट्रेलियावर वेगळा धागा काढाल का? १९८४नंतर जे गाव सोडायला तयार झाले नाहीत त्यांच्याबद्दल वाचायला आवडेल.


सुमेधा_पेन्सिल्व्हेनिया

काढते. ज्यांनी घर सोडलं नाही त्यांच्याशी सरकारचा वाद पुढे कोर्टात गेला, आणि हयात असेपर्यंत त्यांना तिथेच राहू देण्याचं २०१३मध्ये ठरलं. तिथून सुरुवात करेन.